बंद कलादालनाचं काम

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत भूकंप म्हटलं की ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवते. कोयनानगर उद्ध्वस्त झालं आणि त्या परिसरात आजही अधूनमधून धक्के बसतात. आपण भूकंपाचा हिशोब माणसं, घरं आणि धरण यांत करतो, आणि ते योग्यच आहे. चित्रांचा प्रश्न नंतर येतो. पण तो येतो, आणि आज मला त्याच प्रश्नावर बोलायचं आहे. भूकंपाने कलादालन बंद पडलं तर त्याचं काम बंद पडतं का?

यासाठी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराचं उदाहरण घेऊ. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात तिथे १८५ माणसं गेली. शहराच्या कलादालनाची इमारत उभी राहिली, पण तिथे आपत्कालीन यंत्रणेचं मुख्यालय आलं. पुढे इमारत पुन्हा समतलात आणायची, पायात धक्के शोषणारी व्यवस्था बसवायची, असं करत दार उघडलं ते १९ डिसेंबर २०१५ ला. म्हणजे जवळपास पाच वर्षं दालन बंद. मात्र या काळात दालनाने शहरभर कलाकृती मांडल्या. भिंतींवर, गच्चीवर, मोकळ्या पडलेल्या जागांवर. भाड्याच्या जागेत प्रदर्शनं भरवली, आपलं नियतकालिकही चालू ठेवलं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे गिल्बर्ट राईल आठवेल. एक पाहुणा ऑक्सफर्डची महाविद्यालयं, ग्रंथालयं, मैदानं सगळं बघतो आणि शेवटी विचारतो, विद्यापीठ कुठे आहे? त्याची गफलत अशी की, या सगळ्याची जी व्यवस्था आहे तिलाच विद्यापीठ म्हणतात, हे तो विसरला. आपली गफलत बरोबर उलटी असते. इमारतीकडे बोट दाखवून आपण म्हणतो, हेच कलादालन. मग कुलूप लागलं की विषय संपला. खरं तर निवडणं, जपणं, लोकांसमोर आणणं आणि त्यावर बोलणं, या कामाला कलादालन म्हणायचं.

पण थांबा. बाहेर काहीतरी मांडलं म्हणजे काम झालं, असंही नाही. समीक्षा इथे सुरू होते. क्राइस्टचर्चमधल्या दोन कलाकृती शेजारी ठेवून बघू.

पहिली मायकल पारेकोव्हाय यांची. ब्राँझचा पूर्ण आकाराचा बैल, मोठ्या पियानोवर उभा. २०१२ मध्ये तो पडझडीच्या भागातल्या एका रिकाम्या जागेवर ठेवला होता. आपल्याकडे बेंदराला बैल सजवतात, त्यामुळे बैलाचं वजन, त्याचं रोखून बघणं आपल्याला सांगायला नको. हा बैल कुणाचं सांत्वन करत नाही. पियानो नाजूक, बैल अवजड, आणि तरी खालचा पियानो मोडत नाही. भोवती मोडलेलं शहर असताना हे दृश्य प्रश्न विचारत उभं राहतं, उत्तर देत नाही. २०१३ मध्ये लोकांनी वर्गणी काढून तो शहरासाठी विकत घेतला. बंद दालनाने प्रेक्षक टिकवला, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

दुसरी मार्टिन क्रीड यांची. २०१५ मध्ये दालनाच्या दर्शनी भागावर ४६ मीटर लांबीची निऑनची अक्षरं लागली. मजकूर एवढाच, की सगळं नीट होणार आहे. माझी हरकत इथे आहे. हे वाक्य कोण म्हणतंय? आई आजारी मुलाला म्हणते तेव्हा त्यामागे ती स्वतः उभी असते. भिंत म्हणते तेव्हा त्यामागे कुणीच नसतं. काही जण म्हणतील, त्यात उपरोध आहे. असेल. पण ज्याचं घर अजून दुरुस्त व्हायचं आहे, त्याच्यापर्यंत उपरोध पोचत नाही, दिलासा तेवढा पोचतो, आणि तोही तारण नसलेला. म्हणून मी बैलाला वरचं स्थान देतो.

आता एक आक्षेप घेऊ. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. उद्या ती इमारत बंद ठेवावी लागली तर रविवर्मा एसटी स्टँडच्या भिंतीवर लावणार का? अर्थात नाही. ऊन-पाऊस सोसेल तेच बाहेर जाऊ शकतं. पण आपल्या देवळांना हा प्रश्न जुना आहे. मूळ मूर्ती गाभाऱ्यात, उत्सवमूर्ती पालखीत. गाभाऱ्याचं काम निघालं तरी दर्शन थांबत नाही. आणि उत्सवमूर्ती कायमची पालखीत राहत नाही, हेही लक्षात घ्या. बाहेरचं काम हा इमारतीला पर्याय नव्हे. तो दालनाचा आणि लोकांचा संबंध तुटू न देण्याचा मार्ग आहे.

साताऱ्यात २०२० मध्ये छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाच्या नव्या इमारतीत कोविड रुग्णालय झालं. ते व्हायलाच हवं होतं, जीव आधी. पुढे जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं तिथेच प्रदर्शनात ठेवली. रुग्णालय आणि वाघनखं, दोन्हींवर आपल्याकडे खूप बोललं गेलं. मधल्या काळात संग्रह लोकांपर्यंत कसा पोचावा, यावरची चर्चा मी तरी फारशी ऐकली नाही. सांगलीत २०१९ च्या महापुरात नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकं गेली. म्हणजे आपल्याकडे कोयनेचे धक्के आहेत, कृष्णेचं पाणी आहे, साथीचा अनुभवही आहे.

म्हणून प्रत्येक संग्रहालयाला आजच विचारा, की उद्या दार बंद झालं तर तुमचं काय काय चालू राहील? कोणत्या वस्तू शाळांत जातील, कोणत्यांच्या फक्त प्रतिकृती जातील, त्यांबद्दल बोलणार कोण? हे कागदावर आधी लिहून ठेवता येतं, आणि त्याला इमारतीएवढा निधी लागत नाही. विचारणारे प्रेक्षक मात्र लागतात.