डेम्लो संख्या : लेखनधर्म आणि संख्याधर्म

कळव्याहून कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या धीम्या गाडीच्या मार्गावर मुंब्रा, दिवा व कोपर यांच्यापुढे डोंबिवली लागते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना संख्यांच्या एका कुलाची कल्पना सुचली ती या स्थानकावर. त्याच्या तत्कालीन ‘डेम्लो’ या नावावरूनच त्यांनी त्या कुलाचे नामकरण केले. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकातील लेखात त्यांनी यांपैकी काही संख्यांस ‘अद्भुत’ म्हटले. नऊ एकांनी लिहिलेल्या १११११११११ चा वर्ग, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१, ही त्यांतील सर्वपरिचित संख्या होय. तिला हे विशेषण कोणत्या अर्थाने शोभते, हा येथील प्रश्न आहे.

जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या ग्रंथात ८७१२ व ९८०१ या संख्यांचा विचार केला आहे. दोन्ही आपापल्या उलट रूपांच्या पटीत आहेत. परंतु असली सत्ये कोड्यांच्या सदरासच योग्य, असा त्यांचा निर्णय आहे. डेम्लो संख्येलाही तो लागू पडेल, असे प्रथमदर्शनी वाटते. ‘नवजीवन’ हा शब्द देवनागरीत उलट वाचला तरी तोच राहतो, रोमन लिपीत मात्र राहत नाही. तो गुण अर्थाचा नसून लेखनाचा आहे. त्याचप्रमाणे प्रस्तुत संख्या षोडशमान पद्धतीत लिहिली असता तिचा पहिला अंक २ व अखेरचा १ येतो आणि सममिती लोप पावते. उलटपक्षी, ३ चा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग व ३३३६६७ चा वर्ग यांचा ती गुणाकार आहे, हे सत्य कोणत्याही लेखनपद्धतीत अबाधित राहते.

तथापि विवेचन येथेच थांबविणे अपुरे होईल. गुणाकार मांडताना नऊ ओळी एकेका स्थानाने सरकत जातात. त्यामुळे स्तंभांत एक, दोन असे नऊपर्यंत एके जमतात आणि पुढे त्याच क्रमाने घटतात. या घडणीत दहाचा काहीच वाटा नाही. पाया दहा वा त्याहून मोठा कोणताही असो, नऊ एकांचा वर्ग याच अंकांनी लिहिला जातो. त्याचे मूल्य तेवढे बदलते. दशमानात दहा एकांच्या वर्गात हातचा येतो व १२३४५६७९००९८७६५४३२१ ही विस्कटलेली आकृती मिळते. नियम तेथेही मोडत नाही, केवळ झाकला जातो. षोडशमानात तो पंधरा एकांपर्यंत उघड दिसतो.

म्हणून हार्डींचा निकष मान्य करूनही निर्णय बदलावा लागतो. सममिती हा त्या एका संख्येचा गुण नव्हे. स्थानमूल्याधिष्ठित लेखनाच्या व्याकरणाचा तो नियम आहे. ‘अद्भुत’ या शब्दाने वाचकाच्या मनावरील परिणाम सांगितला, कारण सांगितले नाही. ही त्या संज्ञेची उणीव आहे. मात्र ज्या निरीक्षणातून असा नियम हाती लागतो, त्यास केवळ करमणूक म्हणणे हे समीक्षेचेच अपुरेपण ठरेल.