नावाचे ऋण : पणजीची कला अकादमी

वास्तूला थोर व्यक्तीचे नाव दिले की स्मारकाचे काम संपले, असा आपल्याकडे समज आहे. पणजीच्या कांपाल भागात मांडवीकाठी उभी असलेली कला अकादमी हा समज तपासायला लावते.

चार्ल्स कोरिया यांनी रचलेले हे संकुल १९८३ साली पूर्ण झाले. काँक्रीटची आधुनिक इमारत म्हटली की उंच, कोरडी, माणसाला दटावणारी वास्तू डोळ्यांपुढे येते. ही मात्र ठेंगणी आणि अगत्यशील आहे. रस्त्यावरून छताखालच्या मोकळ्या जागेत शिरलेला माणूस चालता चालता नदीकडे पोहोचतो. दादरच्या साल्वासांव चर्चमध्ये (१९७७) कोरियांनी भाविकाला अंगणांतून आणि आडोशांतून वेदीकडे नेले. तीच दृष्टी येथे रसिकासाठी राबली आहे. मुख्य नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांच्या शैलीतले प्रेक्षक चितारलेले आहेत. त्यामुळे सभागृह रिकामे असले, तरी ओके वाटत नाही.

या नाट्यगृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे (१९००–१९४२) नाव आहे. मंगेशीत जन्मलेल्या या गायक-नटाने १९१८ साली सहकाऱ्यांसह बलवंत संगीत नाटक मंडळी स्थापन केली. रत्नागिरीकरांना ते परके नाहीत. येथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ साली याच मंडळीने रंगभूमीवर आणले. मंगेशीच्या गायकाचे नाव, ख्रिस्ती घराण्यांतल्या कलावंतांची रचना आणि तियात्र व मराठी नाटक या दोहोंना मिळणारा रंगमंच : गोमंतकाचे हे खरे दर्शन होय.

तरीही एक उणीव बोचते. ध्वनिक्षेपकाच्या आधाराविना शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोहोचवणे, हे दीनानाथांच्या पिढीचे कसब होते. तेव्हा त्यांच्या नावाच्या नाट्यगृहातील निर्दोष ध्वनी हेच त्यांचे खरे स्मारक ठरते. दारावरची पाटी नव्हे. प्रत्यक्षात नूतनीकरण चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या नाट्यगृहाच्या छताचा स्लॅब कोसळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संकुल पुन्हा खुले झाले, पण त्यानंतरही गळती व ध्वनियोजना यांविषयी कलावंतांना जाहीर तक्रारी कराव्या लागल्या.

काँक्रीट म्हणजे अक्षय, ही समजूत कोकणात तरी टिकणारी नाही. खाऱ्या, दमट हवेत आतल्या सळ्या गंजतात, गंजाने फुगतात आणि वरचे काँक्रीट फोडतात. अशा वास्तूची निगा हा रचनेचाच उत्तरार्ध असतो. कोरियांचा पूर्वार्ध उत्तम आहे. उत्तरार्ध लिहिण्याचे काम आपल्या समाजाचे.

स्नानसंस्कारात नाव मिळते, ते त्या संताप्रमाणे जगण्यासाठी. आश्रयदात्या संताच्या सणाला पताका लावायच्या आणि प्रभुमंदिराचे छप्पर गळत ठेवायचे, असे कोणताही धर्मग्राम करणार नाही. कलेच्या मंदिरालाही तोच न्याय लागू व्हावा. नाव देणे हा गौरव खराच. ते वागवणे हे व्रत आहे.