रचलेले छायाचित्र आणि साक्षीचा प्रश्न

छायाचित्र म्हणजे घडून गेलेल्या क्षणाची साक्ष, ही समजूत इतकी रुळलेली आहे की, एखादे छायाचित्र मुद्दाम रचलेले आहे असे कळताच पाहणाऱ्याला फसवले गेल्यासारखे वाटते. हाच पाहणारा कादंबरीतला खून प्रत्यक्षात झालाच नव्हता म्हणून कादंबरीकाराला जाब विचारीत नाही. कॅनडातील व्हँकूव्हर येथील कलावंत जेफ वॉल (जन्म १९४६) यांच्या कामाविषयी ज्या परस्परविरोधी प्रतिक्रिया उमटल्या, त्यांच्या मुळाशी अपेक्षांमधली ही तफावत आहे.

वॉल यांची कार्यपद्धती चित्रपटाला जवळची आहे. जागा निवडायची किंवा उभारायची, माणसांकडून तीच कृती पुनःपुन्हा करवून घ्यायची आणि नव्वदीच्या दशकापासून अनेक छायाचित्रांचे अंश संगणकावर एकसंध करायचे, असे तिचे स्वरूप आहे. होकुसाई या जपानी चित्रकाराच्या मुद्राचित्रावर बेतलेल्या 'अ सडन गस्ट ऑफ विंड' (१९९३) या कृतीसाठी शंभराहून अधिक छायाचित्रे वापरली गेली. त्यांच्या अशा अनेक भव्य पारदर्शिका, रस्त्यावरच्या जाहिरातफलकाप्रमाणे, मागून उजळलेल्या पेटीत दाखवल्या जातात.

या कामाबद्दल समीक्षकांत एकमत नाही. जुन्या चित्रकलेची भव्यता वॉल छायाचित्राला आयतीच बहाल करतात, ती माध्यमाने स्वतः कमावलेली नसते, असा रोझलिंड क्राउस यांच्या आक्षेपाचा रोख आहे. उलट, १९६७ साली कलेतील 'नाटकीपणा'वर कठोर टीका करणारे मायकेल फ्रीड यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात वॉल यांना मध्यवर्ती स्थान दिले. इतक्या योजनापूर्वक रचलेल्या चित्रांतील माणसे आपल्या कामात गढलेली असतात आणि पाहणाऱ्यासाठी काही करून दाखवीत नाहीत, हे फ्रीड यांना महत्त्वाचे वाटते. म्हणजे रचना हा एकाच्या लेखी दोष ठरतो, तर दुसऱ्याच्या लेखी नाटकीपणावरचा उपाय.

येथे भरताच्या नाट्यशास्त्रातील 'लोकधर्मी' आणि 'नाट्यधर्मी' हा भेद उपयोगी पडतो. लोकव्यवहारासारखे दिसणारे ते लोकधर्मी आणि संकेतांच्या आधारे उभे राहणारे ते नाट्यधर्मी. वॉल यांच्या छायाचित्राचे रूप पुष्कळदा लोकधर्मी असते, घडण मात्र नाट्यधर्मी असते. प्रश्न असा की, ही घडण चित्रात कोठे तरी स्वतःची कबुली देते काय?

'मिमिक' (१९८२) या छायाचित्रात रस्त्याने चालणारा एक गोरा पुरुष शेजारून जाणाऱ्या आशियाई माणसाकडे पाहून बोटाने आपला डोळा ओढतो आणि त्याला हिणवतो. ही खूण वॉल यांनी रस्त्यावर प्रत्यक्ष पाहिली होती. तेव्हा ती टिपली गेली नाही, नंतर माणसे उभी करून रचली गेली. अनुभव खरा, छायाचित्र मात्र त्या क्षणाचे नव्हे. येथे चित्र आपली घडण जवळजवळ लपवते. तिचा सुगावा लागतो तो फक्त आकारातून आणि मागून येणाऱ्या प्रकाशातून. संशयी प्रेक्षकाचा आक्षेप येथे अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

'डेड ट्रूप्स टॉक' (१९९२) मध्ये स्थिती उलटी आहे. १९८६ च्या हिवाळ्यात अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सोव्हिएत तुकडीचे हे दृश्य वॉल यांनी स्टुडिओत रचले. चार मीटरहून अधिक रुंद असलेल्या या चित्रातील तेरा मृत सैनिकांपैकी काही जण उठून बसले आहेत, आपल्याच जखमांवरून एकमेकांची थट्टा करीत आहेत. मेलेली माणसे बोलत नाहीत. त्यामुळे 'हे घडले काय?' हा प्रश्न चित्रच निकालात काढते. साक्षीचा दावा त्याने सोडून दिलेला आहे.

यातना दाखवणाऱ्या छायाचित्रांनी संवेदना बोथट होते, असे १९७७ साली 'ऑन फोटोग्राफी'त मांडणाऱ्या सुझन सोनटॅग यांनी २००३ च्या 'रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स'चा शेवट याच रचलेल्या चित्राने करावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. हे मृत आपल्याकडे पाहत नाहीत, कारण आपल्याला काही कळेल अशी त्यांची अपेक्षाच नाही, हा सोनटॅग यांच्या विवेचनाचा गाभा आहे.

तरीही त्यांच्या या गौरवाला एक मर्यादा घालावी लागते. ज्यांच्या भूमीवर हे युद्ध झाले त्या अफगाणांच्या वाट्याला या चित्रात संवाद नाही. कोणी मृतांचे सामान चाचपतो आहे, तर कोणाचे केवळ पाय दिसतात. मृत्यूनंतरची वाणी मिळाली ती आक्रमकाच्या सैनिकांना. टिपलेल्या छायाचित्रात अशी अनुपस्थिती योगायोगाची मानता आली असती. रचलेल्या चित्राला ती सबब उपलब्ध नाही. त्यात जे आहे तेही निवडलेले आणि जे नाही तेही निवडलेलेच.

म्हणून अशा छायाचित्रांना खोटेपणाबद्दल दोष देणे जसे अपुरे, तसेच कारागिरीबद्दल त्यांची वाहवा करणेही अपुरे. योगायोगाचा आधार सोडणाऱ्या कलावंताने प्रत्येक तपशिलाची जबाबदारी आपल्याकडे घेतलेली असते. वॉल यांच्या कृतींचे मूल्यमापन व्हावे ते या जबाबदारीच्या निकषावर. कादंबरीच्या बाबतीत आपण हेच करीत आलो आहोत.