'सॅड' : एका शब्दाचे अर्थ आणि त्याच्या पर्यायांची मर्यादा

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासात अपरिचित शब्द विद्यार्थ्याला सहसा फसवीत नाहीत. असा शब्द आडवा आला की तो थांबतो आणि कोश उघडतो. फसवितात ते परिचित शब्द. कारण त्यांच्यापाशी थांबण्याची गरज कोणालाच वाटत नाही. 'सॅड' हा अशा शब्दांपैकी एक. शालेय वयातच तो 'दुःखी' या अर्थासह भेटतो, आणि पुढे चॉसरपासून मिल्टनपर्यंत सर्वत्र विद्यार्थी तोच अर्थ बरोबर नेतो. आजचा रूढ अर्थ जुन्या वाक्यात वरवर बसतो व म्हणूनच वाचकाला चकवितो, अशा अर्थाला सी. एस. लुईस यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टडीज इन वर्ड्स' या ग्रंथात 'धोक्याचा अर्थ' म्हटले आहे. 'सॅड' या शब्दावर त्या ग्रंथात एक प्रकरणही आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाचा अर्थविकास थोडक्यात पाहून, त्याचे म्हणून दिले जाणारे पर्याय समीक्षेला कोठवर साहाय्य करतात, याचा विचार करावयाचा आहे.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता 'तृप्त, पोट भरलेला, पुरे झालेला'. जर्मनमधील 'झाट' हा त्याचा सगोत्र शब्द आजही त्याच अर्थाने चालतो. लॅटिन 'सॅटिस' म्हणजे 'पुरेसे' हेही त्याच कुळातले. त्यामुळे 'सॅटिस्फाय' आणि 'सॅड' यांचे मूळ एकच, हे वाचून प्रथम आश्चर्य वाटते. तृप्तीपासून दुःखापर्यंतचा प्रवास मात्र समजण्याजोगा आहे. भरपूर जेवल्यावर अंग जड होते. जे जड ते सहज हलत नाही, म्हणून ते स्थिर. जो स्थिर तो उथळ नव्हे, म्हणून गंभीर. आणि गंभीर चेहरा व दुःखी चेहरा यांत पाहणाराला भेद करता येतोच असे नाही. दुसरीकडे, अतितृप्तीने वीट येतो, आणि विटलेले मन खिन्नतेच्या जवळच असते. या दोन्ही वाटांनी शब्द आजच्या अर्थापाशी आला.

या वाटेवरचे टप्पे भाषेने पूर्णपणे पुसून टाकलेले नाहीत. गडद, भडकपणा नसलेल्या रंगाला 'सॅड' रंग म्हणत. नीट न फुगलेल्या, घट्ट राहिलेल्या पावालाही काही बोलींत हेच विशेषण लावतात. इस्त्रीच्या भरीव लोखंडी ठोकळ्याचे नाव 'सॅड आयर्न' असे होते. तिच्या सुट्या मुठीचे पेटंट अमेरिकेत मेरी फ्लॉरेन्स पॉट्स यांनी १८७१ साली घेतले. या नावात दुःखाचा लवलेश नाही; अर्थ एवढाच, की वस्तू भरीव व जड आहे.

आता वाङ्मयाकडे वळू. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या काळात रचलेल्या 'कँटरबरी टेल्स'मधील क्लार्कच्या कथेत हा शब्द मर्मस्थानी आहे. उमराव वॉल्टर आपल्या गरीब घरातून आणलेल्या पत्नीची, ग्रिसेल्डाची, परीक्षा पाहतो. प्रथम मुलीला आणि पुढे मुलाला, ठार मारावयाचे आहे असे भासवून तो तिच्यापासून दूर नेववितो. सेवक मुलीला न्यावयास आला असता ग्रिसेल्डा तिला मांडीवर घेते, आशीर्वाद देते, तिचे चुंबन घेते. त्या वेळच्या तिच्या मुद्रेला चॉसर 'सॅड' म्हणतो. आजचा वाचक येथे अडखळत नाही. लेकरू हिरावले जात असताना आईचा चेहरा दुःखी असणारच, असे तो मानतो. परंतु हा अर्थ घेताच कथेचा कणा मोडतो. ग्रिसेल्डाने विवाहसमयी वचन दिले आहे की ती पतीच्या इच्छेविरुद्ध कृतीने वा मनानेही जाणार नाही. तिची मुद्रा ढळत नाही, हेच वॉल्टरला पाहावयाचे आहे आणि तेच चॉसर सांगत आहे. येथे 'सॅड' म्हणजे 'स्थिर, अविचल'.

याच कथेत पुढे, वॉल्टरच्या नव्या वधूला पाहून हुरळून जाणाऱ्या प्रजेला 'अनसॅड' हे विशेषण येते. 'अदुःखी' असा त्याचा अर्थ लावणे हास्यास्पद ठरेल. लोक चंचल आहेत, एवढाच त्याचा अर्थ. येथे एका उपसर्गामुळे शब्दाचा तत्कालीन अर्थ निर्विवाद होतो, आणि आधीच्या स्थळाचा अर्थ ठरविण्यास ते प्रमाण मिळते.

तिसरे स्थळ सर्वांत महत्त्वाचे. कथेच्या अखेरीस मुले जिवंत आहेत हे कळताच ग्रिसेल्डा मूर्च्छित पडते, आणि त्या मूर्च्छेतही तिने त्यांना इतके 'सॅडली' कवटाळलेले असते की तिच्या मिठीतून ती सोडविताना लोकांना मोठे प्रयास पडतात. येथे अर्थ 'घट्ट' हाच आहे. 'दुःखाने' म्हटले तर पुढील वाक्याशी त्याचा मेळच राहत नाही. तिन्ही स्थळे एकत्र वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्या स्थैर्याने ग्रिसेल्डाने मूल हातचे जाऊ दिले, त्याच नावाची शक्ती आता मूल सोडावयास तयार नाही. तिची अविचलता ही भावनाशून्यता होती काय, या बहुचर्चित प्रश्नाला चॉसरने टीकाकारांच्या आधीच, एका शब्दाच्या पुनरुक्तीने, उत्तर देऊन ठेवले आहे, असे आम्हांस वाटते. पहिल्या स्थळी 'दुःखी' आणि तिसऱ्या स्थळी 'घट्ट' असे दोन वेगळे पर्याय योजणाऱ्या अनुवादात हे उत्तर नाहीसे होते.

शेक्सपिअरच्या काळी जुना आणि नवा, दोन्ही अर्थ जिवंत होते, आणि त्याने त्यांना एकमेकांसमोर उभे केले. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या पहिल्याच प्रवेशात बेन्व्होलिओ रोमिओला 'सॅडनेस'ने, म्हणजे थट्टा सोडून, त्याचे प्रेम कोणावर आहे ते सांगावयास विनवितो. रोमिओ तो शब्द दुसऱ्या अर्थाने उचलतो आणि विचारतो की, काय, मी कण्हत सांगू? एकच अर्थ जाणणाऱ्या वाचकाला येथे कोटीच दिसत नाही. १६६७ च्या 'पॅरडाइझ लॉस्ट'च्या सहाव्या सर्गात शत्रू चालून येत असल्याची सूचना देणारा देवदूत त्याच्या मुद्रेवरील निश्चयाला 'सॅड' म्हणतो. तेथे बंडखोरांच्या नायकाविषयी करुणा शोधणे व्यर्थ होय; निश्चय दृढ आहे, इतकेच सांगावयाचे आहे.

याच्या उलट चूकही संभवते. मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असे मानून तो सर्वत्र लादणारे व्युत्पत्तिप्रेमीही आढळतात. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या आरंभी अँटोनिओ आपल्या 'सॅड' मनःस्थितीचे कारण उमगत नसल्याचे सांगतो; आणि लगेच दुसऱ्या प्रवेशात नेरिसा अतितृप्तीने आजारी पडणाऱ्यांविषयी बोलते. या दोहोंची सांगड घालून अँटोनिओच्या शब्दात 'तृप्ती'चा ध्वनी ऐकण्याचा मोह होणे शक्य आहे. परंतु शेक्सपिअरच्या काळापर्यंत तो अर्थ व्यवहारातून गेला होता. खुद्द डॉ. जॉन्सन यांनाही १७५५ च्या कोशात या शब्दाचे मूळ ठाऊक नव्हते; ओझ्याने झुकणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला असावा, असा तर्क त्यांनी केला. वाचकाला व प्रेक्षकाला जो अर्थ उपलब्धच नव्हता, तो कवितेचा भाग मानता येत नाही.

आता पर्यायांविषयी. पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ साली प्रसिद्ध केलेला 'थिसॉरस' शब्दांची मांडणी वर्णानुक्रमाने न करता कल्पनांनुसार करतो. लेखकाला ही सोय अमोल आहे. परंतु एका ओळीत बसविलेले शब्द एकाच ठिकाणाहून आलेले नसतात. 'मेलँकली' ग्रीक वैद्यकातील काळ्या पित्तातून आला. 'डिजेक्टेड' म्हणजे खाली फेकलेला. 'डिस्मल' मूळचा पंचांगातील अशुभ दिवसांचा वाचक. 'ग्रेव्ह' लॅटिनमधील 'जड'. यांचे आजचे अर्थ एकमेकांस स्पर्श करतात, म्हणून ते पर्याय. ते केवळ वाटेच्या शेवटी भेटतात. चॉसरचे वाक्य मात्र वाटेच्या मध्यावर उभे आहे.

मराठी अनुवादकाला यातून काही बोध घेता येईल, कारण आपले शब्दही असेच चालत आले आहेत. 'खिन्न' म्हणजे मुळात थकलेला. मेघदूतात थकलेला मेघ पर्वतशिखरांवर विसावतो, तेथे कालिदासाने हाच शब्द योजला आहे. 'विषण्ण' म्हणजे खाली बसलेला, खचलेला. यातील 'सद्' धातूचे इंग्रजी 'सॅड'शी ध्वनिसाम्य आहे, नाते नाही; त्याचे नाते 'बसणे' या अर्थाच्या 'सिट' शब्दाशी आहे. 'उदास' हा अलिप्त बसण्याच्या कल्पनेतून आलेला शब्द संतवाङ्मयात अनासक्ती दाखवितो. आज तो खिन्नता दाखवितो. संतांच्या 'उदास' वृत्तीला जो दुःखी समजेल, तो ग्रिसेल्डाच्या मुद्रेबाबत झाली तीच चूक करील. आपण 'जड अंतःकरणाने' निरोप देतो, तेव्हा इंग्रजी शब्दाने चाललेल्या वाटेवरचेच एक पाऊल टाकत असतो. परंतु चॉसरच्या तिन्ही स्थळी चालेल असा एकच मराठी शब्द हवा असेल, तर 'दुःखा'च्या पर्यायांत तो सापडणार नाही. 'दृढ' या शब्दाजवळ शोधावा लागेल. दृढ मुद्रा, अदृढ जन, दृढ मिठी, असा तो तिन्ही ठिकाणी टिकतो.

परीक्षेच्या निमित्ताने पर्यायशब्दांच्या याद्या पाठ करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. त्या यादीचा उपयोग लिहिताना होतो. वाचताना तिच्यावर विसंबू नये. जुन्या ग्रंथातील परिचित शब्दापाशी थांबून तीन गोष्टी पाहाव्यात : त्या काळी त्याचे कोणते अर्थ चालू होते, त्याच कृतीत तो अन्यत्र कसा आला आहे, आणि त्याचे विरुद्धार्थी रूप काय आहे. ऐतिहासिक तत्त्वावर रचलेल्या ऑक्सफर्ड कोशाने, ज्याची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागशः प्रसिद्ध झाली, पहिल्या प्रश्नाचे काम सुकर केले आहे. उरलेल्या दोहोंचे उत्तर मूळ संहितेखेरीज कोठेही मिळत नाही.