'उघड आहे' असं म्हटलं की थांबा

वैद्यकीय नीतिशास्त्राकडे वळायचं ठरवलंत, तर मेरी ॲन वॉरेन यांचा गर्भपातावरचा १९७३ चा लेख तुम्हाला लवकरच भेटेल. 'माणूस' या शब्दाचे दोन अर्थ, जनुकीय आणि नैतिक, विरोधक बेमालूम मिसळतात, हा त्यांचा आक्षेप. तो मला आजही पटतो.

पुढे त्या 'व्यक्ती' असण्याचे पाच निकष देतात: जाणीव (विशेषतः वेदनेची), तर्कशक्ती, स्वयंप्रेरित कृती, संवाद, स्वतःचं भान. पाचही हवेतच असं नाही; पण एकही नसेल तर ती व्यक्ती नाही, आणि हे इतकं उघड आहे की नाकारणाऱ्याला व्यक्ती म्हणजे काय तेच कळलेलं नाही. मी मूळची जीवशास्त्राची. निकषांची यादी दिसली की बरं वाटतं, म्हणून पहिल्या वाचनात हे वाक्य हिरव्या पेनाने अधोरेखित करून पुढे गेले. खरं तर तिथेच अडायला हवं होतं. यादी वर्णन करते. 'म्हणून हक्क नाहीत' हा निष्कर्ष वेगळा, आणि त्यासाठीचा युक्तिवाद त्या वाक्यात नाही.

यादी मुंबईत आणून बघा. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. मे २०१५ मध्ये जाईपर्यंत त्या तिथेच होत्या. त्यांचं अन्न थांबवावं म्हणून पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. याचिकेचं म्हणणं, त्या जवळपास मृतच आहेत. रुग्णालयाचं म्हणणं, त्या खाणं घेतात, हावभावांनी प्रतिसाद देतात. म्हणजे पहिल्याच निकषावर वाद! चेहऱ्यावरची हालचाल जाणीव की प्रतिक्षिप्त क्रिया, हे यादी सांगत नाही. ते आधी ठरवून मगच यादी वापरता येते.

नवजात बाळाचं काय, या प्रश्नाने वॉरेनही अडचणीत आल्या. १९८२ च्या पुरवणीत त्या म्हणतात, बाळ व्यक्ती नसलं तरी त्याला मारणं चूक, कारण ते हवं असणारी, सांभाळायला तयार असणारी माणसं असतात. केईएमच्या परिचारिकांनी चार दशकं केलेली शुश्रूषा आठवली की हे पटकन पटतं. मला मात्र याचीच जास्त भीती वाटते. सरकारी दवाखान्यात नाव-पत्ता नसलेला, कोणी भेटायला न येणारा पेशंट तुम्ही पाहिला असेलच. त्याचं मोल मग कोणाच्या मायेवर ठरवायचं?

७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळली. अरुणा मेंदूमृत नाहीत, हे त्यात स्पष्ट केलं. पण 'त्या व्यक्ती आहेत का' यापेक्षा 'त्यांच्या वतीने कोण बोलणार' हा प्रश्न तिथे जास्त कामाचा ठरला. तो मान विराणींना नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांना मिळाला. तरीही त्यांच्या एकट्याच्या शब्दावर उपचार थांबवता येणार नव्हते. उच्च न्यायालयाची परवानगी लागणार होती. मायेची माणसं असोत-नसोत, शासनसंस्था पालकाच्या जागी उभी, हे त्यामागचं तत्त्व. बेवारस पेशंटला १९८२ च्या पुरवणीपेक्षा इथे जास्त आसरा मिळतो.

वॉरेन यांनी १९९७ च्या पुस्तकात एकाच निकषावर नैतिक दर्जा ठरवणं सोडलं. वेदना जाणवणाऱ्या प्रत्येक माणसाला समान हक्क दिले. साहित्य-आढाव्यात फक्त १९७३ ची यादी दिसली, तर माझे गाइड समासात पेन्सिलने एवढंच लिहितात: 'आणि नंतर?'