आठ बाय दहाची चौकट

गणेशोत्सवाचा समूहफोटो आठ बाय दहात छापून घ्यायचा आणि टोकाच्या काकू अर्ध्याच का आल्या म्हणून छापणाऱ्याला बोल लावायचा, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. दोष खरं तर मापाचा आहे. आठ बाय दहा हे जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांचं माप. तेव्हा निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराची प्रत काढत. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकानं सिनेमाची फिल्म आडवी धरून दोन चौकटींची एक केली : २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे दोनास तीन. हे प्रमाण चार बाय सहात नेमकं बसतं, आठ बाय बारातही. आठ बाय दहा मागितलं की लांबीतले दोन इंच, म्हणजे चित्राचा सहावा भाग, गेलाच!

मोबाइलची तऱ्हा उलटी. त्याचं चित्र बहुधा तीनास चार. चार बाय सहावर घेतलं की वर-खाली मिळून अर्धा इंच जातो. आजोबांचा फेटा तरी जाईल, नाहीतर पावलं.

कातरणं म्हणजे पाप नव्हे. कार्तिए-ब्रेसाँ फोटो कातरण्याच्या विरोधात असे. पण पॅरिसच्या सेंट लाझार स्थानकामागे, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२चा गाजलेला फोटो कातरलेलाच आहे. काय वगळायचं हे त्याला ठाऊक होतं. यंत्र मध्य धरतं आणि कडा सोडतं. आपल्या समूहफोटोत मध्यभागी पाहुणे आणि पदाधिकारी. कडेला असतात ते पंगतीची वाढप उरकून, हात पुसत शेवटी धावत आलेले. साताऱ्याची आई नेमकी त्यांच्यातच आपली सून शोधते.

ते रापाच्या ‘द बेस’मध्ये (१९९२ साली बंद झालेल्या हवाईदलाच्या तळाच्या जागेवरचा बाजार, म्हणून हे नाव) फ्रेम घ्यायला जाल तेव्हा मागच्या बाजूचं माप वाचा. २० बाय ३० सेंटिमीटर मिळाली तर उत्तम. घरी आठ बाय दहाचीच असेल, तर फोटो दहा इंच लांब आणि पावणेसाताहून किंचित कमी उंच असा पूर्ण छापून घ्यावा. वर-खाली पांढरी पट्टी राहील. मला ती खटकत नाही. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या पुठ्ठ्यालाही अशीच कोरी कड असे. छपाईच्या यंत्रावर ‘फिल’ की ‘फिट’ असं विचारलं, तर ‘फिट’वर बोट ठेवावं.