‘टिकून राहिलेले’ प्रथिन : एका वैद्यकीय विशेषणाची परीक्षा

‘बायॉप्सी’ हा शब्द फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्ट बेनिये यांनी १८७९ साली घडविला. ‘जीवन’ आणि ‘दर्शन’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यात जोडलेले आहेत. मृतदेहाच्या परीक्षेहून जिवंत देहातील ऊतकाची परीक्षा निराळी, हा भेद त्यातून व्यक्त होतो. सुईने मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढण्याच्या पद्धतीचे वृत्त कोपनहेगनचे इव्हर्सन व ब्रून यांनी १९५१ साली प्रसिद्ध केले. मुलांच्या दाहजन्य मूत्रपिंडविकारांत आज पुष्कळदा वादाचा प्रश्न ‘बायॉप्सी करावी काय’ हा नसतो, तर ‘केव्हा करावी’ हा असतो. या प्रश्नाचे उत्तर ज्या भाषेत दिले जाते, ती भाषाही परीक्षेस पात्र आहे. कारण तिच्यातील एका विशेषणावर मुलाच्या आयुष्यातील महत्त्वाचे आठवडे अवलंबून असतात.

उदाहरणादाखल ‘आयजीए रक्तवाहिनीदाह’ हा विकार घ्यावा. शोनलाइन यांनी १८३७ साली आणि हेनॉख यांनी १८७४ साली वर्णिलेला हा विकार दीर्घकाळ त्या दोघांच्या नावांनी ओळखला जात होता. २०१२ च्या चॅपल हिल परिषदेने त्यास नवे नाव दिले. पायांवर जांभळे पुरळ, सांधेदुखी व पोटदुखी ही त्याची परिचित लक्षणे होत. सुमारे एकतृतीयांश मुलांत मूत्रपिंडास बाधा पोचते आणि अशा बहुतेक मुलांत ती पहिल्या चार ते सहा आठवड्यांत दिसून येते. त्यांपैकी पुष्कळ मुले आपोआप बरी होतात. थोड्यांच्या बाबतीत मात्र मूत्रपिंडातील केशिकागुच्छांची भित्ती फाटते व त्यांच्याभोवती पेशींची चंद्रकोर साचते.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय तज्ज्ञांच्या ‘शेअर’ शिफारशींत बायॉप्सीच्या निर्णयासाठी मूत्रातील प्रथिनाचे प्रमाण व त्याचे ‘पर्सिस्टंट’ असणे यांना महत्त्व दिले आहे. या विशेषणाची व्याख्याही तेथे केलेली आहे. दर मिलिमोल क्रिएटिनिनमागे २५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक प्रथिन चार आठवडे, १०० पेक्षा अधिक तीन महिने, किंवा ५० पेक्षा अधिक सहा महिने जात राहिल्यास ते ‘पर्सिस्टंट’ होय. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता घटल्यास तो बायॉप्सीसाठी स्वतंत्र आधार मानला आहे. शिफारशींची ही रचना सुबोध आहे. वैद्यांपुढे निश्चित आकडे ठेवले, हे तिचे श्रेय निर्विवाद होय.

तथापि एकाच विशेषणाला येथे तीन मुदती लाभल्या आहेत, आणि त्या तिन्ही विशेषणाच्या पोटात दडल्या आहेत. ‘टिकून राहिलेले प्रथिन’ असे म्हटले की टिकणे हा प्रथिनाचा गुण वाटू लागतो. वस्तुतः तो गुण नव्हे, तर पाहणाऱ्याने केलेली दिवसांची मोजणी आहे, आणि ती मुदत संपल्यावरच पुरी होते. मराठीत विशेषण टाळून ‘प्रथिन जात राहिले आहे’ असे क्रियापदाने म्हटले, तर ‘कधीपासून?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या तोंडी सहज येतो. पुरळ उठल्या दिवसापासून, की मूत्रात प्रथिन प्रथम आढळले त्या दिवसापासून? पुरळाच्या वेळी मूत्र तपासलेच नसेल, तर या दोन तारखांत कित्येक आठवड्यांचे अंतर पडू शकते.

हे अंतर केवळ शब्दाचे नाही. केशिकागुच्छाभोवतीची चंद्रकोर प्रारंभी पेशीमय असते. त्या अवस्थेत औषधाने दाह शमविण्यास वाव असतो. पुढे काही आठवड्यांत तिच्यात तंतू भरतात व अखेर वण उरतो. त्यावर दाहशामक औषधाची मात्रा चालत नाही. आकाशातील कोर कलेकलेने वाढते आणि पुन्हा घटतेही. तंतुमय झालेल्या या कोरीला तो परतीचा मार्ग नाही. शिवाय कमी प्रथिन म्हणजे सौम्य इजा, हे समीकरणही निरपवाद नाही. प्रथिन फारसे जात नसलेल्या काही मुलांतही चंद्रकोरी आढळल्या आहेत. म्हणून प्रमाण जितके कमी तितकी प्रतीक्षा दीर्घ, हा नियम सरासरीने योग्य असला तरी एखाद्या मुलावर अन्याय करू शकतो.

याउलट, घाईचे समर्थनही निरपवाद नाही. सुईमुळे रक्तस्राव होण्याचा धोका थोडा असला तरी असतोच. लहान मुलास गुंगीचे औषध द्यावे लागते. आणि आपोआप भरून येणारी इजा पाहून तीव्र औषधे सुरू होण्याचा संभव राहतो. प्रतीक्षा हा दोष नव्हे. कशाची प्रतीक्षा चालली आहे हे न सांगणे, हा दोष होय.

स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या संसर्गानंतर होणाऱ्या मूत्रपिंडदाहात ही त्रुटी दिसत नाही. तेथे रक्तातील ‘सी-३’ हे पूरक प्रथिन उतरते आणि साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते. या मुदतीनंतरही ते उतरलेलेच राहिले, तर निदानाविषयी शंका घेऊन बायॉप्सीचा विचार होतो. येथे प्रतीक्षेला विषय आहे, आरंभ आहे आणि शेवट आहे. मूत्रपिंडाचे कार्य झपाट्याने ढासळू लागले, तर मात्र ही प्रतीक्षाही सोडावी लागते.

आयजीए रक्तवाहिनीदाहाच्या शिफारशींनी हीच शिस्त स्वीकारली, तर त्यांचे आकडे बदलण्याचीही आवश्यकता पडणार नाही. मोजणी कोणत्या दिवसापासून, त्या अवधीत मूत्राची तपासणी किती दिवसांनी, आणि कोणता बदल दिसताच मुदत मोडावयाची, ही तीन विधाने स्वतंत्र वाक्यांत लिहिली जावीत. दाहशामक औषध बायॉप्सीपूर्वी सुरू झाले असल्यास तेही नोंदले जावे. कारण औषधानंतर घेतलेल्या ऊतकात रोगाचे मूळ रूप राहीलच असे नाही. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पाठविलेल्या मुलाच्या कागदावर नुसते ‘पर्सिस्टंट’ असे लिहिलेले असेल, तर नव्या डॉक्टरला आरंभाची तारीख कळत नाही व मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होण्याची भीती राहते. त्या विशेषणाच्या जागी एक तारीख लिहिली गेली, तर मुलाचे तेवढे आठवडे वाचतील.